हात झोपवण्याच्या चार जागा

बाकाच्या कडेवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव वर्गातल्या प्रत्येक मुलाने घेतलेला असतो. मार बसतो कोपराला. मुंग्या येतात करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागाला. अंगठ्याला मात्र काहीच होत नाही. असे का होत असेल, हे एकदा मुलांना विचारून पाहा. उत्तरे गमतीदार येतात. खरे उत्तर असे, की करंगळीकडचे निरोप मेंदूकडे नेणारा मज्जातंतू कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला लागून, कातडीच्या अगदी खालून जातो. वाटेत त्याला धक्का बसला, तरी मेंदूला वाटते की निरोप करंगळीकडूनच आला.

या साध्या अनुभवात एक मोठी युक्ती दडलेली आहे. वाटेत धक्का दिला तर टोकाला मुंग्या येतात. मग वाटेतच तो मज्जातंतू काही तास बंद ठेवला तर? टोकाला चिरफाड चालू असली तरी तिची वार्ता मेंदूपर्यंत पोचणार नाही. माणूस जागा राहील, बोलत राहील, आणि फक्त त्याचा हात झोपेल. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी ही युक्ती शंभरहून अधिक वर्षे वापरात आहे. प्रश्न आहे तो इतकाच, की मज्जातंतू नेमका कुठे अडवायचा?

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे मला माझ्या थोरल्या मावशीमुळे कळले. मी डॉक्टर नाही. धातूच्या ठोकळ्यांतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणे, हे माझे प्रयोगशाळेतले काम. मावशी अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि तिचे मनगट मोडले. हाड सरकले होते, पट्टी बसवून स्क्रूने जोडावे लागणार होते. वय ७० च्या पुढे, वजन ४५ किलो, आणि चाळीस वर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केल्यामुळे फुप्फुसे कमजोर. चार पायऱ्या चढली तरी तिला धाप लागायची. पूर्ण भूल दिली तर शस्त्रक्रियेनंतर तिचा श्वास पुन्हा नीट चालेल की नाही, याची भूलतज्ज्ञ बाईंना काळजी होती. त्या म्हणाल्या, ‘‘आपण आजींचा हात तेवढा झोपवू. पण कुठून झोपवायचा, ते मला जपून ठरवायला हवं. एका ठिकाणी टोचलं तर त्यांचा अर्धा श्वास जाईल.’’

हात झोपवायचा तर श्वास का जावा? हे समजून घ्यायचे तर आधी हाताच्या मज्जातंतूंची वाट पाहायला हवी.

पाच मुळे, पाच शाखा

बोलण्यात आपण रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे घोटाळा नको, म्हणून आपण मज्जातंतू हाच शब्द वापरू. मज्जातंतू म्हणजे एक तार नव्हे. टेलिफोनच्या केबलमध्ये असतो तसा हजारो बारीक तंतूंचा तो जुडगा असतो.

हाताचे सगळे मज्जातंतू मानेतून येतात. मानेच्या खालच्या भागातील मणक्यांमधून पाच मुळे बाहेर पडतात. मानेच्या बाजूच्या दोन स्नायूंच्या फटीतून ती खाली उतरतात. उतरताना पाचांची मिळून तीन खोडे होतात. गळ्याखालच्या आडव्या हाडामागे प्रत्येक खोड दुभंगते आणि सहा विभाग होतात. हे सहा पुन्हा एकमेकांत मिसळून तीन दोर बनतात. हे दोर छातीच्या स्नायूंखालून, हाताच्या मोठ्या रोहिणीला लगटून जातात आणि काखेत पोचल्यावर त्यांच्या पाच मुख्य शाखा होतात. पाच, तीन, सहा, तीन, पाच : एवढे आकडे लक्षात ठेवले की पुरे. या साऱ्या गुंत्याला शरीरशास्त्रात ‘ब्रेकियल प्लेक्सस’ म्हणतात. आपण त्याला बाहूचे जाळे म्हणू.

पाच शाखांची कामे वाटलेली आहेत. एक शाखा खांद्याच्या स्नायूला हात उचलायला लावते. दुसरी कोपर वाकवते आणि कोपराखालच्या, अंगठ्याच्या बाजूच्या कातडीची खबर नेते. तिसरी मनगट मागे उचलते. चौथी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाकडे तळहाताच्या बाजूने जाते. पाचवी म्हणजे आपली कोपरावर आपटणारी, करंगळीची शाखा. दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीचा थोडा भाग मात्र या जाळ्यात येत नाही. त्याचा मज्जातंतू छातीतून स्वतंत्र येतो. हा अपवाद पुढे कामाला येणार आहे.

औषध काय करते?

मज्जातंतूतून निरोप जातो तो विजेच्या रूपाने, पण तांब्याच्या तारेतल्यासारखा नव्हे. तंतूच्या आवरणात सूक्ष्म दरवाजे असतात. ते उघडले की सोडियमचे आयन आत शिरतात, तिथला विद्युतदाब बदलतो, त्यामुळे पुढचा दरवाजा उघडतो, मग त्याच्या पुढचा. पत्त्यांच्या ओळीतले एक पान पाडले की पुढची पडत जावीत, तसा निरोप सरकत जातो. लिडोकेन, बुपिव्हाकेन यांसारख्या औषधांचे रेणू तंतूच्या आत शिरून हे दरवाजे आतून अडवतात. ओळीतली काही पाने कुणी बोटाने धरून ठेवावीत, तसे होते. काही तासांनी रक्त हे रेणू वाहून नेते आणि दरवाजे पुन्हा उघडू लागतात.

पण हे औषध मज्जातंतू ओळखून फक्त त्यालाच गाठत नाही. जिथे पोचेल तिथले दरवाजे ते अडवते. चुकून रोहिणीत किंवा नीलेत गेले तर मेंदू आणि हृदय यांच्यावर परिणाम होऊन झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून वजनाप्रमाणे कमाल मात्रा ठरलेली असते. बुपिव्हाकेनसाठी दर किलोला सुमारे २ मिलिग्रॅम ही सावध मर्यादा धरतात. मावशीचे वजन ४५ किलो, म्हणजे ९० मिलिग्रॅम. अर्धा टक्का द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. तेव्हा तिला जास्तीत जास्त १८ मिलिलिटर द्रावण देता येणार. चार चमच्यांहूनही कमी! एवढ्यात सगळा हात झोपवायचा, तर औषध नेमके जागेवरच पडले पाहिजे.

चाचपडण्याची शंभर वर्षे

व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो, हे दाखवले. लवकरच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी मान उघडून, मज्जातंतू डोळ्यांनी पाहून त्यांवर कोकेन सोडले. (या प्रयोगांच्या नादात हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आहारी गेले, हीही या इतिहासाची एक बाजू.) १९११ साली जर्मनीत दोन वाटा निघाल्या. हिर्शेल यांनी काखेत सुई टोचून औषध सोडले. कुलेनकाम्फ यांनी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर सुई टोचण्याचा प्रयोग केला, आणि तोही स्वतःवर.

मान न उघडता सुई मज्जातंतूजवळ पोचली हे कळायचे कसे? पहिली खूण म्हणजे आपल्या कोपराचीच. सुई लागली की रुग्णाच्या बोटांत झिणझिण्या येत, आणि तो ‘आल्या’ म्हणाला की औषध सोडायचे. पुढे १९६० नंतर सुईतून अगदी थोडा विद्युतप्रवाह सोडणारी छोटी यंत्रे आली. सुई मज्जातंतूजवळ गेली की त्याच्या ताब्यातला स्नायू उडे. बोटे वाकली तर अमुक शाखा, मनगट उचलले तर तमुक. ही पद्धत पुष्कळ बरी. तरीही अंधारात काठीने रस्ता शोधण्यासारखी. मज्जातंतू सापडला हे कळे, पण सुईच्या टोकाशेजारी रोहिणी आहे की फुप्फुस, हे कळत नसे.

१९७८ साली काही डॉक्टरांनी ध्वनिलहरींच्या डॉपलर यंत्राने रोहिणीचा आवाज ऐकून तिची जागा ठरवली आणि मग सुई टोचली. १९९४ साली व्हिएन्नातल्या एका गटाने ४० रुग्णांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. त्यांनी सुई आणि औषध दोन्ही सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत निम्म्या रुग्णांना गळ्याच्या हाडावरून आणि निम्म्यांना काखेतून भूल दिली. तिथून पुढे यंत्रे लहान झाली, चित्रे स्पष्ट झाली आणि ही पद्धत जगभर पसरली.

आवाजाने पाहणे

मावशीने सोनोग्राफीचे यंत्र पाहिले आणि ती दचकलीच. ‘‘अहो बाई, या वयात माझी सोनोग्राफी?’’ आपल्याकडे हे यंत्र म्हटले की गरोदरपणच आठवते. त्याचा दुरुपयोग होऊन मुलींचे गर्भ पाडले गेले, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. भूलतज्ज्ञांनी फक्त हाताचे मज्जातंतू पाहायला ठेवलेल्या यंत्राचीही त्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते.

यंत्राचे तत्त्व मात्र आपल्या प्रतिध्वनीचेच. माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. या यंत्राच्या मुठीतले स्फटिक सेकंदाला सुमारे एक ते दीड कोटी कंपने करतात. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. कंपने एक कोटी असतील तर तरंगलांबी किती? १५४० मीटर भागिले १,००,००,०००, म्हणजे ०.१५४ मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू दिसायला हे पुरेसे बारीक आहे. दोन सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागेल, हे गणित नववीच्या मुलांना घालता येईल. (जाऊन-येऊन ४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २६ मायक्रोसेकंद.)

कंपने आणखी वाढवली तर चित्र अधिक बारीक दिसेल. पण तितका आवाज वाटेतच शोषला जातो आणि खोलवरचे दिसत नाही. म्हणून उथळ जागेसाठी जास्त कंपने आणि खोल जागेसाठी कमी, अशी तडजोड करावी लागते.

पडद्यावर रोहिणी काळ्या वर्तुळासारखी दिसते आणि धडधडते. नीला मुठीने दाबली की मिटते. हाड आवाज परतवते, म्हणून पांढरी रेघ आणि तिच्यामागे काळी सावली दिसते. मज्जातंतू मानेत काळपट गोल दिसतात, एकाखाली एक, चौकातल्या सिग्नलच्या दिव्यांसारखे. गळ्याच्या हाडामागे त्यांचा द्राक्षांचा घोस होतो. काखेत ते मधाच्या पोळ्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे दिसतात.

आणि सुई? इथे मला माझ्या प्रयोगशाळेची आठवण झाली. धातूतली भेग लहरींना आडवी असेल तर लख्ख दिसते. त्यांच्या दिशेनेच उभी असेल तर आवाज तिच्या बाजूने निघून जातो. सुईचेही तसेच. ती कातडीला समांतर सरकली तर चकाकते. खोल जाण्यासाठी तिरकी घातली की तिच्यावरून परतलेला आवाज दुसरीकडेच जातो आणि ती पडद्यावरून पुसट होते. शिवाय पडद्यावर दिसतो तो शरीराचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा काप. सुईचे टोक त्या कापाच्या बाहेर गेले तर जे दिसते ते टोक नसून सुईचा मधला भाग असतो. यंत्र असले म्हणजे सगळे दिसलेच, असे नव्हे.

चार जागा, चार शेजार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाहूचे जाळे मानेपासून काखेपर्यंत पसरलेले आहे. त्यात मुख्य चार जागी औषध सोडता येते. कालव्याचे पाणी मुखाशी अडवायचे, पाटावर अडवायचे की शेताच्या चारीवर, असाच हा प्रश्न आहे. वर अडवले तर मोठा भाग कोरडा पडतो, पण शेजाऱ्याचे पाणीही तुटते.

पहिली जागा मानेतली, दोन स्नायूंच्या फटीत. इथे जाळ्याची वरची मुळे हाताशी येतात, म्हणून खांद्याच्या शस्त्रक्रियेला ही जागा उत्तम. पण करंगळीकडे जाणारी खालची मुळे बऱ्याचदा निसटतात. मनगटाच्या आणि पंजाच्या कामाला ती गैरसोयीची. शेजार तर फारच नाजूक आहे. श्वासपटल हलवणारा मज्जातंतू याच फटीच्या पुढच्या स्नायूवरून उतरतो. औषध त्याच्यापर्यंत झिरपले की त्या बाजूचे अर्धे श्वासपटल लुळे पडते. नेहमीच्या मात्रेत हे जवळजवळ प्रत्येक रुग्णात घडते, असे १९९१ साली दिसून आले. एका दमात घेता येणारी हवा त्यामुळे सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. मावशीसारखीला मात्र तो अर्धा श्वास गेल्यासारखाच. २००८ सालच्या एका चाचणीत औषध २० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटरच दिले. तेव्हा श्वासपटल लुळे पडण्याचे प्रमाण १०० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले आणि वेदना तेवढीच थांबली. नेमकेपणाचा हा फायदा खरा. पण ४५ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

दुसरी जागा गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर, पहिल्या बरगडीपाशी. इथे सगळे जाळे रोहिणीशेजारी एका घोसात एकवटलेले असते. थोड्या टोचण्यांत जवळजवळ सगळा हात लवकर झोपतो. पण घोसाच्या खाली एक-दोन सेंटिमीटरवर फुप्फुसाचे आवरण आहे. सुई तिथे लागली तर छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस मिटू शकते. चाचपडण्याच्या काळातल्या अहवालांत हे प्रमाण हजारी ५ पासून शेकडा ६ पर्यंत सांगितलेले आढळते. सोनोग्राफीत आवरणाची चमकती, श्वासाबरोबर सरकणारी रेघ दिसते, त्यामुळे हा धोका खूपच कमी झाला. पूर्ण गेला मात्र नाही. श्वासपटलाचा मज्जातंतूही इथे मानेतल्यापेक्षा दूर असतो, पण पुरेसा दूर असेलच असे नाही.

तिसरी जागा त्याच हाडाच्या खाली, छातीच्या स्नायूंमागे. इथे तीन दोर रोहिणीला वेढून असतात. रोहिणीच्या मागे औषध सोडले की ते तिन्ही दोरांकडे पसरते. हात कुशीला ठेवूनच टोचता येते, म्हणून मोडलेला हात हलवावा लागत नाही. श्वासपटलाला सहसा धक्का बसत नाही. उणीव अशी, की जागा तीन ते पाच सेंटिमीटर खोल आहे. सुई तिरकी जाते आणि पुसट दिसते. रोहिणीला छेद गेला तर इतक्या खोलवर बोटाने दाबून रक्त थांबवता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना ही जागा टाळलेली बरी.

चौथी जागा काखेतली. फुप्फुस दूर, श्वासपटलाचा मज्जातंतू त्याहून दूर. सगळे एक-दोन सेंटिमीटर खोलीवर, रक्त आले तर दाबता येण्याजोगे. पण इथवर जाळ्याच्या शाखा वेगळ्या झालेल्या असतात. तीन रोहिणीभोवती, आणि कोपर वाकवणारी चौथी जरा लांब एका स्नायूत शिरलेली. प्रत्येकीपाशी जाऊन औषध सोडावे लागते. एकदोन टोचण्यांपेक्षा अनेक टोचण्यांनीच इथे खात्रीने भूल लागते, हे बऱ्याच चाचण्यांतून दिसले आहे. खांद्याकडे जाणारी पाचवी शाखा आधीच वर सुटून गेलेली असते, म्हणून खांद्याच्या कामाला ही जागा निरुपयोगी. आणि काख उघडी करायची तर हात बाजूला उचलावाच लागतो.

तुलना करून पाहिली तर

यातली सरस कोणती? २००९ साली मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी १२० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने त्यांचे ४०-४० चे तीन गट केले आणि सोनोग्राफीत पाहून शेवटच्या तीन जागी भूल दिली. कोपर आणि त्याखालच्या शस्त्रक्रियेसाठी तिन्ही गटांत यश ९५ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक आले. काखेत सुई जास्त वेळा पुढे-मागे करावी लागली आणि टोचायला वेळ जास्त लागला; पण टोचण्यापासून भूल लागेपर्यंतचा एकूण वेळ तिन्हींत जवळपास सारखाच भरला. गळ्याच्या हाडावरच्या गटात एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांची त्या बाजूची पापणी काही काळ उतरली आणि डोळ्याची बाहुली बारीक झाली, कारण औषध मानेतल्या आणखी एका मज्जातंतूपर्यंत पोचले होते.

म्हणजे हात झोपवण्यात तिन्ही जागा सारख्याच. फरक पडतो तो हाताबरोबर आणखी काय झोपते त्यात. माझ्या मते या विषयाचे सार इथेच आहे. कोणती जागा उत्तम, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रुग्णाला आणि कोणत्या शस्त्रक्रियेला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सोनोग्राफीबद्दलही असेच मोजून बोलायला हवे. आधीच्या पद्धतींच्या तुलनेत भूल लवकर लागते, अधिक खात्रीने लागते, औषध कमी पुरते आणि रक्तवाहिनीला छेद जाण्याचे प्रसंग कमी होतात, असे चाचण्या सांगतात. मज्जातंतूला कायमची इजा होण्याचे प्रमाण मात्र तिच्यामुळे घटले, असे अजून सिद्ध झालेले नाही. अशी दीर्घकाळ टिकणारी इजा दहा हजारांत दोन ते चार जणांना होते. इतक्या विरळ घटनेतला फरक दाखवायला प्रचंड संख्येने रुग्ण लागतील. शंभर वेळा नाणे उडवून ते किंचित वाकडे आहे की नाही हे ठरवता येत नाही, तसेच हे.

मावशीचा हात

मनगटाच्या शस्त्रक्रियेला मानेतली जागा उपयोगाची नव्हतीच. गळ्याच्या हाडावरची जागा सर्वांत सोपी, पण मावशीच्या श्वासाशी खेळण्याची बाईंची तयारी नव्हती. हाडाखालची जागा चालली असती. मात्र मावशी हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होती. उरली काख. पण हात उचलताना मावशी कळवळत होती. बाईंनी आधी थोडे वेदनाशामक दिले, मनगटाखाली फळी बांधली आणि उशा रचत रचत दहा मिनिटांत हात बाजूला आणला. पुरता काटकोनात नाही आला, पण मूठ ठेवण्यापुरती काख उघडली.

मावशी घाबरलेली होती, म्हणून मला तिच्या उशाशी उभे राहू दिले होते. पडद्यावर रोहिणी धडधडत होती. सुईची चकाकती रेघ एकेका ठिपकेदार शाखेपाशी जाऊन थांबे. मग काळे पाणी पसरून त्या शाखेभोवती कडे होई. शाखेच्या आत नव्हे, भोवती. आत दाबाने औषध घुसले तर तंतूंना इजा होते. चार शाखांना चार-चार मिलिलिटर, म्हणजे १६ मिलिलिटर, ८० मिलिग्रॅम. उरलेले १० मिलिग्रॅम पातळ करून दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीखाली सोडले, कारण शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी दंडाला आवळपट्टी बांधतात आणि तिथल्या कातडीचा मज्जातंतू, आपण पाहिले तसा, जाळ्याबाहेरचा आहे. बेरीज बरोबर ९०.

अर्ध्या तासात मावशी म्हणाली, ‘‘हा हात माझा नाहीच गं. कुणीतरी माझ्या कुशीत आणून ठेवलाय.’’ शस्त्रक्रिया चालू असताना ती बाईंशी लोणच्याच्या फोडींबद्दल बोलत होती. रात्री उशिरा बोटे हलू लागली आणि त्याबरोबर दुखणेही आले. त्याच्या गोळ्या आधीच सुरू केल्या होत्या. तोवर हात झोळीत जपून ठेवणे महत्त्वाचे, कारण झोपलेल्या हाताला गरम पातेले लागले तरी कळत नाही.

वर्गासाठी

अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत स्टीलच्या चकचकीत पट्टीवर टाका. पट्टी झोताला आडवी असताना उजेड विजेरीकडे परत येतो. ती तिरपी केली की कवडसा भिंतीवर दुसरीकडे जातो. तिरकी सुई पुसट का होते, ते मुलांना यातून दिसेल.

मग मुलांना तीन रुग्ण द्या आणि जागा निवडायला सांगा. खांदा वारंवार निखळणारा, दमदार छातीचा कबड्डीपटू. विळ्याने करंगळीचा स्नायुबंध तुटलेली, निरोगी फुप्फुसांची शेतमजूर बाई. कोपर मोडल्याने हात मुळीच बाजूला उचलता न येणारा, दमा असलेला ड्रायव्हर. पहिल्याला मानेतली जागा, तिसऱ्याला गळ्याच्या हाडाखालची, हे बहुतेक मुले सांगतील. दुसऱ्या रुग्णाला शेवटच्या तिन्ही जागा चालतील. त्यातली कोणती, यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. मात्र प्रत्येकाने आपल्या जागेचा शेजार कोणता आणि तिथे काय बिघडू शकते, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पूर्ण धरू नये.